लूथरच्या नावाचा आठवडा

“सॉसेज माणशी दोन,” एमेट म्हणाला. “म्हणजे सकाळची आठ. तीन सकाळी. चोवीस.”

ऑरिनने टेबलाभोवती नजर फिरवली. एमेट, तो स्वतः आणि मी. ऑरिन खाटीक आहे. देवाधर्माच्या बाबतीत त्याची गडबड होते, सॉसेजच्या बाबतीत होत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. मार्चचा दुसरा रविवार. एमेटच्या अंगणात अजून गुडघाभर बर्फ होता.

“बटाटे दहा पौंड,” एमेट लिहीत होता. “कांदा वेगळा शिजवायचा. लूथरला चालत नाही.”

हे लिहून झाल्यावर त्याची पेन्सिल थांबली. पण त्याने ते खोडलं नाही. खोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे त्याने चौतीस वर्षं काढली. गिऱ्हाइकाने नुसता हात हलवून “ते असं गोल असतं आणि त्याला असं इकडे भोक असतं” म्हटलं, की हा कॅटलॉग न उघडता सात आकडी नंबर सांगायचा. गावातल्या अर्ध्या लोकांनी त्याला कमरेखाली कधी पाहिलेला नव्हता. लग्न केलं नाही. आजारी पडल्याचं आठवत नाही. त्याच्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट कोणती, असं कुणी मला विचारलं असतं, तर वर्षभरापूर्वी मी म्हणालो असतो, की नाही बुवा.

फक्त मेमधले ते चार दिवस. व्हीलॉक नदीवर ट्राउट मासे धरायला आम्ही चौघं बावीस वर्षं जात होतो. दोन होड्या, तीन मुक्काम, पंचावन्न मैल. एमेटच्या होडीत पुढे लूथर, ऑरिनच्या होडीत पुढे मी. माझ्याकडे भांडी घासण्याचं खातं होतं. ऑरिनकडे स्वयंपाक आणि शिव्या. लूथर गव्हाचा शेतकरी, त्याच्याकडे काहीच काम नव्हतं, कारण आमच्यात खरा मासे धरणारा तो एकटाच. बाकी सगळं, म्हणजे कोणत्या वळणावर कोणता मुक्काम, कोणत्या पेटीत कोणतं सामान, गाड्या पुढच्या पुलापाशी कोण नेऊन ठेवणार, नदीचं पाणी किती चढलं की निघायचं, हे एमेट. मार्चच्या दुसऱ्या रविवारी चर्चहून परस्पर त्याच्या स्वयंपाकघरात बसायचं, हा नेम.

त्या नदीची एक गंमत आहे. होडी एकदा लोटली, की चौथ्या दिवशी पूल येईपर्यंत बाहेर निघायला वाट नाही. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे उभे, रस्ता नाही, घर नाही. त्या काळी खिशात फोन नव्हते. मध्ये पाऊस आला, कंटाळा आला, बायकोची आठवण आली, तरी पुढेच जायचं. आम्हाला हे फार आवडायचं.

“एमेट,” ऑरिन शेवटी म्हणाला, “परवाना कुठाय? आधी परवाना, मग बटाटे.”

एमेटने पेन्सिल कागदाला समांतर ठेवली. मग खिशातून टपालाचं पाकीट काढून टेबलावर मध्यभागी ठेवलं.

“लागलाय नंबर,” तो म्हणाला. “मेचा तिसरा आठवडा. मंगळवार.”

तिसरा आठवडा म्हणजे सोन्यासारखा. बर्फाचं पाणी तेव्हा निवळू लागतं आणि थंडीभर उपाशी राहिलेल्या ट्राउट समोर येईल त्यावर तुटून पडतात. नदीत होडी घालायचा परवाना सोडतीने मिळतो, आणि त्या आठवड्याची सोडत लागावी म्हणून माँटानातली निम्मी पुरुषमंडळी जानेवारीत अर्ज टाकतात आणि उरलेली निम्मी सोडतीत काळंबेरं आहे असं मानतात.

“तुझ्या नावाने?” मी विचारलं.

“नाही.”

“माझ्या?”

“मास्तर, तुझं नशीब कुठलं,” ऑरिन म्हणाला, आणि पाकीट ओढून घेऊन त्याने कागद उघडला. मग तो कागद त्याने पालथा ठेवला, जुगारात कुणी नको ते पान ठेवावं तसा.

परवाना लूथरच्या नावाने आला होता. लूथरला जाऊन दहा महिने झाले होते.

झालं होतं ते असं. प्रत्येकाने वेगळा अर्ज करायचा, म्हणजे चार संधी; कुणाचाही नंबर लागला की तो म्होरक्या आणि बाकीचे त्याच्यासोबत. ऑरिनचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, मी तारखा विसरतो, आणि लूथर जानेवारीत कुठलाही कागद हातात धरायला तयार नसायचा. म्हणून चारही अर्ज एमेट भरायचा. चार सह्याही तोच करायचा. लूथरची सही तो लूथरपेक्षा चांगली करायचा. या जानेवारीतही तो चार कोरे अर्ज घेऊन बसला आणि चार भरून उठला.

“अर्ज पेटीत टाकल्यावर कळलं मला,” एमेट म्हणाला. “पोस्टाच्या पेटीत हात कोपरापर्यंत घालून बघितला. नाही निघाला.”

“बावीस वर्षांत त्याचा नंबर कधी लागला नाही,” ऑरिन म्हणाला. “चर्चच्या सोडतीत प्रत्येकाला काही ना काही लागायचं. दुसऱ्या पंथाच्या मेथडिस्ट पाहुण्यालासुद्धा डुकराची तंगडी लागली एकदा. लूथरला कधी साधी जॅमची बाटली नाही.”

त्यावर आम्ही हसलो. आणि हसल्यावर तिघांनाही चौथ्या खुर्चीकडे बघणं टाळावं लागलं.

गेल्या मेमध्ये मंगळवारी आम्ही होड्या लोटल्या. बुधवारी दुपारी, जेवणानंतर तासाभराने, लूथर होडीत पुढच्या बैठकीवर बसल्या बसल्या गेला. हातात गळाची काठी तशीच. वल्हवणारा त्याच्या मागे बसतो, त्याला दिसते ती पुढच्याची पाठ. गेला म्हणून मागे फिरता येत नव्हतं. प्रवाहाविरुद्ध ती होडी बैलांनीही ओढली नसती. म्हणून आम्ही पुढे निघालो. बुधवारची दुपार, अख्खा गुरुवार आणि शुक्रवारी तीन वाजेपर्यंत. लूथर एमेटच्या होडीत होता, स्वतःच्याच झोपायच्या पिशवीत. होडी बदलायला आम्ही सांगितलं, आळीपाळीने घेऊ म्हटलं. एमेट म्हणाला, वजन वाटून झालंय, आता हलवायला नको.

डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं. एमेटने अंत्यविधीला काळा कोट घातला, शवपेटीचा पुढचा डावा कोपरा उचलला आणि त्या दिवसापासून तो लूथरच्या बायकोसमोर गेला नाही. आर्डिस दुकानाच्या फुटपाथवर दिसली, की हा पलीकडे जायचा. गावात दोनच फुटपाथ आहेत, त्यामुळे हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, ऑरिनला नव्हती. सप्टेंबरात एमेट मला म्हणाला होता, की होडी पुढून जड झालीय. मी म्हटलं, लाकूड पाणी प्यालं असेल. तो म्हणाला, मलाही तसंच वाटलं, म्हणून धान्याच्या कोठारावर नेऊन काट्यावर चढवली. “मग?” मी विचारलं. “होती तेवढीच भरली,” तो म्हणाला. “पण उचलताना जड लागते.” हे त्याने अशा आवाजात सांगितलं, की मी इंजिनाच्या पट्ट्याबद्दल ऐकतोय असं वाटावं. नंतर मी कधी त्याच्या अंगणातून जाताना त्या होडीकडे सरळ बघत नसे.

“आता करायचं काय?” मी म्हणालो.

ऑरिनकडे उत्तर तयार होतं. मंगळवारी घाटावर म्होरक्याने स्वतः हजर राहायचं, ओळखपत्र दाखवायचं, एवढाच नियम. “माझी मिशी त्याच्यासारखीच आहे. टोपी खाली ओढतो. घाटावरचा तो पोरगा काय बघतोय.”

“लूथर सहा फूट दोन इंच होता,” एमेट म्हणाला.

“बसून येतो.”

एमेटने मान हलवली. मग नियम सांगितला, सांगायची गरज नसताना. परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. न जाता तसाच ठेवला, तर त्या माणसाचं नाव दोन वर्षं सोडतीतून बाद.

“फार मोठी शिक्षा,” ऑरिन म्हणाला.

“आणि आठवडा फुकट जातो. रद्द केला तर पुढच्या कुणाला तरी मिळेल. रद्द करायचा फॉर्म आहे. धारक मयत असल्यास पत्नीची सही.”

“मग कर ना सही. बावीस वर्षं नवऱ्याची केलीस, आता बायकोची कर. मी कुणाला सांगत नाही.”

फॉर्म त्याने आधीच भरला होता. सहीची रेघ तेवढी मोकळी होती. एमेटने पेन्सिल बाजूला ठेवून पेन काढलं, टोपण काढलं, आणि आम्ही बघत होतो. पेन रेघेवर टेकलं होतं. मग त्याने टोपण पुन्हा लावलं.

“मास्तर,” तो म्हणाला, “उद्या तू येशील का माझ्याबरोबर? बोलू नकोस काही. नुसता बस.”

चाळीस वर्षं वर्गात बोललो. नुसता बस असं मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी हो म्हटलं.

आर्डिसचं घर गावाबाहेर सहा मैलांवर. शेत आता पुतण्या बघतो. आम्ही पोचलो तेव्हा ती मागच्या पायरीवरचा बर्फ फावड्याने काढत होती. एमेटने तिच्या हातातून फावडं घेतलं आणि पायरी साफ केली. मग दुसरी. मग पायऱ्या संपल्या तरी वाटेवरचा बर्फ काढत तो कोठाराच्या दिशेने निघाला.

“एमेट स्कारे,” आर्डिस मागून म्हणाली, “तसाच उपसत गेलास तर कॅनडात पोचशील. आत ये.”

ती हाडापेराने मोठी बाई आहे, आवाज त्याहून मोठा. चर्चच्या गायकवृंदात तिला मागे उभं करतात. तिने कॉफी ओतली, कालचा केक कापला, आणि एमेटसमोर बसली. मी ठरल्याप्रमाणे नुसता बसलो.

एमेटने कागद पुढे केला आणि सगळी चूक पहिल्यापासून सांगितली, अर्ज, पेटी, कोपर, सगळं. आर्डिसने परवाना दोनदा वाचला. नवऱ्याच्या नावावरून तिने बोट फिरवलं.

“लागला म्हणायचा त्याला,” ती म्हणाली. “आता वर बसून सगळ्यांना सांगत असेल.”

“इथे सही हवी,” एमेट म्हणाला.

तिने पेन घेतलं. आता ती सही करणार, आम्ही केक खाणार आणि घरी जाणार, असं मला वाटलं. पण एमेटने कागदावर हात ठेवला.

“आधी एक सांगायचंय. घाटावर, मंगळवारी. होड्या भरून झाल्या होत्या. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, डावा हात दुखतोय, आठवडाभर पुढे ढकलता येईल का. मी म्हटलं, तारीख पुन्हा मिळत नाही. मी म्हटलं, वल्हवायचं मला आहे, तुला काय, बस पुढे.” तो थांबला. “तो बसला.”

आर्डिस कपाची जागा बदलत राहिली, बशीवरून टेबलावर, टेबलावरून बशीवर.

“गवत उचलायचं असलं की दर वर्षी त्याचा हात दुखायचा,” ती म्हणाली.

एमेटचा हात कागदावरच होता.

“मला रविवारीच म्हणाला होता,” ती म्हणाली. “मी मलम चोळलं.”

एवढंच. डोळे पुसणं वगैरे काही झालं नाही. ती उठली, कॉफी गरम होती तरी पुन्हा शेगडीवर ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तशीच उभ्याने ती बोलली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

“तुला ठाऊक आहे, बुधवारी संध्याकाळी मी काय केलं? त्याचे हिवाळ्याचे सदरे धुतले. गुरुवारी त्यांना बटणं लावली. बहिणीचा फोन आला, तिला म्हटलं, लूथर नदीवर मजा मारतोय. शुक्रवारी सकाळी मांस ओव्हनमध्ये घातलं, दमून येईल म्हणून. दोन दिवस मी जिवंत माणसाची बायको होते, आणि तो नव्हता.” ती वळली. “ते दोन दिवस तुझ्याकडे आहेत, एमेट. मला कुणी सांगितले नाहीत. दहा महिने वाट बघितली, तू येशील म्हणून. तू फुटपाथ बदललास.”

“काय सांगू?”

“सगळं. तुझ्या त्या याद्या असतात ना, किती वाजता कुठे, तसं सांग. मी तिथे असल्यासारखं.”

एमेटने माझ्याकडे पाहिलं. मी काय मदत करणार? मग त्याने परवान्याचं पाकीट पालथं केलं, पेन्सिल काढली आणि पाठीमागे एक लांब वाकडी रेघ ओढली. ती नदी. इकडच्या टोकाला घाट, तिकडच्या टोकाला पूल. आम्ही निघायच्या आधी दर वर्षी तो काढायचा तशीच.

तो घाटापासून सुरू झाला. मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं. पाणी जरा गढूळ, हिरवट. पहिल्या मुक्कामाच्या अलीकडे लूथरने चार मासे धरले, सगळ्यात मोठा असा, म्हणून एमेटने टेबलावर दोन हात ठेवले. रात्री जेवला का? जेवला. बटाटे दोनदा घेतले. बुधवारी सकाळी हात कसा आहे विचारलं, तर म्हणाला, बरा आहे. पाच मैलांवर उजवीकडे गुहा लागते, तिथे जेवलो. तिथून निघालो एक वाजता.

पेन्सिल रेघेवर हळूहळू पुढे सरकत होती.

“तिथे लांब संथ पाणी आहे. मी त्याला सांगत होतो, डावीकडे, त्या खडकामागे गळ टाक. त्याने टाकलं नाही. मी होडी धरून ठेवली आणि पुन्हा सांगितलं. पुढच्या खडकाशी पुन्हा. तीन चांगल्या जागा गेल्या. मग मी चिडलो. म्हटलं, झोपायचं होतं तर घरीच राहायचंस.” एमेटची पेन्सिल एका जागी रुतली होती. “त्यातलं कितव्या शब्दापर्यंत त्याने ऐकलं, मला माहीत नाही.”

हे मलाही माहीत नव्हतं. आमची होडी वळणापलीकडे होती.

आर्डिस म्हणाली, “पुढे.”

तो पुढे गेला. त्याला आडवं कसं ठेवलं, डोकं कुठल्या बाजूला, हे सांगितलं. डोकं एमेटच्या पायांकडे, म्हणजे चेहरा दिसेल. चेहरा झाकला होता का, असं तिने विचारलं. नाही, तो म्हणाला, उघडा ठेवला. फक्त जिथे पाणी खळाळतं तिथे टोपीने झाकला, थेंब उडू नयेत म्हणून, आणि शांत पाणी आलं की पुन्हा काढला. गुरुवारी सकाळी बर्फ भुरभुरला. दहा मिनिटंच. दुपारी ऊन पडलं, कड्यावर दोन गरुड होते. ते त्याला दाखवले.

“दाखवलेस?”

“म्हणजे, म्हटलं मोठ्याने. सवय.”

“आणखी काय म्हणालास?”

“आणखी, कुठे मासे असतील ते. दोन दिवस सांगत होतो.”

आर्डिस हसली. हसता हसता तिने तोंडावर रुमाल धरला, आणि बराच वेळ काढला नाही. मी केककडे पाहत राहिलो. एमेट थांबला नाही. मैलामागून मैल, मुक्कामामागून मुक्काम, तो आपली पेन्सिल पुढे नेत होता, आणि मला वाटलं, गेल्या दहा महिन्यांत हा माणूस रोजच या रेघेवरून एकटा जाऊन येत असणार.

पुलापाशी पोचायला त्याला साडेतीन तास लागले. तेव्हा कुठे आर्डिसने सही केली, अक्षर स्वच्छ. मग विचारलं, की त्या आठवड्यात आता जे कुणी जातील, ते पुलापाशी कधी येतील?

“शुक्रवारी,” एमेट म्हणाला. “तीनच्या सुमाराला.”

मेच्या त्या शुक्रवारी एमेटने गाडी काढली. ऑरिनने दुकान दुपारी बंद ठेवलं, जे तो ख्रिसमसलाही कुरकुरत करतो. आम्ही चौघं पुलाखालच्या वाळूवर उभे होतो, आर्डिस मधोमध, चर्चचे बूट घालून. पावणेचारला वळणावर एक हिरवी होडी दिसली. दोन अनोळखी माणसं. मागे वल्ह्यावर तरणा, पुढे साठीचा, जाडजूड, चार दिवसांच्या बसण्याने अंग आखडलेला.

एमेट पाण्यात शिरला, होडीचं नाक धरलं आणि तिला वाळूकडे वळवलं. तिथे उभा असलेला कुणीही करतो तेवढंच. पुढच्या माणसाने उठायचा प्रयत्न केला, पाय साथ देईनात, तसा तो पुन्हा खाली बसला आणि ओशाळून हसला.

आर्डिस बुटांसकट पाण्यात गेली. तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

“तुम्ही कुणाची वाट बघताय का?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “सावकाश. पाय टाका.”

तिने त्याला कोरड्या वाळूपर्यंत नेलं, तिथल्या ओंडक्यावर बसवलं आणि तो नीट बसलाय याची खात्री होईपर्यंत शेजारी उभी राहिली. होडी पुढून हलकी होऊन वर आली होती आणि प्रवाह तिला ओढू बघत होता. तरण्याने मांडीभर पाण्यातल्या एमेटला हाक मारून सांगितलं, की झालं, सोडा आता. एमेटने ऐकलं की नाही, कोण जाणे. तो धरून उभा होता.